काळकर्ते शिवरामपंत परांजपे

इतिहासाच्या पेपरात ‘जोड्या लावा’ हा हमखास येणारा प्रश्न आठवतो ना? एका बाजूला वृत्तपत्रे आणि दुसऱ्या बाजूला संपादक. ‘केसरी’समोर टिळक, ‘सुधारक’समोर आगरकर, ‘काळ’समोर शि. म. परांजपे. रेघ मारली की एक गुण पदरात पडायचा आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. टिळक-आगरकर त्यानंतरही भेटत राहिले. शिवरामपंत मात्र बहुतेकांच्या बाबतीत त्या रेघेपाशीच राहिले. आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची थोडी ओळख करून द्यावी असे वाटले. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. माणसाचे बोलणे बंद करायला सरकारला दर वेळी तुरुंगच लागतो असे नाही, कधी कधी एक साधी नोटीसही पुरते.

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाडला झाला. शिक्षण महाड, रत्नागिरी आणि पुणे येथे झाले. १८८४ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे संस्कृत विषय घेऊन एम.ए. झाले. पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात त्यांनी काही काळ संस्कृत शिकवले. काव्य, अलंकार आणि तर्कशास्त्र हे त्यांचे आवडीचे प्रांत. दिवस साधे असते तर एक नामांकित प्राध्यापक म्हणून ते सुखाने निवृत्त झाले असते.

पण दिवस साधे नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रोग आवरण्यासाठी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा करून अधिकाऱ्यांना भरमसाट अधिकार दिले. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. पुढे २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. गुन्हेगार शोधणे हे सरकारचे कामच होते, पण ते तेवढ्यावर थांबले नाही. १८२७ सालचा एक जुना नियम बाहेर काढून पुण्याचे सरदार नातू बंधू यांना अटकेत टाकण्यात आले. त्यांच्यावर ना आरोपपत्र ठेवले, ना खटला चालवला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते, आणि निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला कायदा समजावताना ‘अप्रीती’चा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. म्हणजे सरकारचा द्वेष करणे दूरच राहिले, सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरण्याची वेळ आली. १८९८ साली राजद्रोहाचे कलम १२४अ सुधारून आणखी रुंद करण्यात आले.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, टिळक अजून तुरुंगात असताना, शिवरामपंतांनी ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले. वय चौतिसाच्या आत, हाताशी भांडवल बेताचे आणि समोर नुकताच धार लावलेला कायदा. सरळ लिहावे तर पहिल्याच अंकात पेपर बुडणार, न लिहावे तर पेपर काढायचा कशाला? या पेचात संस्कृतच्या या प्राध्यापकाला त्याचा अलंकारशास्त्राचा अभ्यास उपयोगी पडला. त्यांनी वक्रोक्तीचा आश्रय घेतला. राज्यकर्त्यांची स्तुती ते इतक्या तोंड भरून करीत की वाचणाऱ्याला नेमके उलटे समजावे. पुराणातली कथा सांगता सांगता ती आजच्या कलेक्टरची होऊन जाई. परदेशातल्या स्वातंत्र्ययुद्धाचे वर्णन वाचणाऱ्याला ते आपल्याच गल्लीत चालले आहे असे वाटे. शब्द सगळे निर्दोष असत, अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात तयार होई आणि पोलिसांना तो कागदावर सापडत नसे. महाराष्ट्रभरातील तरुण ‘काळ’ची वाट पाहू लागले. दहा वर्षे हा खेळ चालला.

शिवरामपंत वक्तेही नावाजलेले होते. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा टिळकांबरोबर तेही हजर होते. त्या होळीत पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. तेव्हाचे प्राचार्य रघुनाथराव परांजपे होते. आडनाव एकच, वाटा वेगळ्या. सरकारचे लक्ष आता शाळा-कॉलेजांकडेही वळले होते. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जाण्यावर बंधने घातली. प्राध्यापक विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय तर १९१० साली सरकारने बंदच केले. शाळेवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि दोन युरोपियन स्त्रिया बळी गेल्या. असा प्रकार का घडतो, त्याची मुळे राज्यकारभारात कुठे आहेत, यावर देशभरची वृत्तपत्रे लिहू लागली. ‘काळ’नेही लिहिले. जून महिन्यात शिवरामपंतांना राजद्रोहाखाली अटक झाली. त्यांच्या खटल्यात मदत करण्यासाठी टिळक मुंबईला आले आणि २४ जूनला सरदारगृहात तेही पकडले गेले. जुलै महिन्यात शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

शिवरामपंत तुरुंगातून बाहेर आले तेव्हा ‘काळ’ बंद पडलेला नव्हता आणि त्यांची लिहिण्याची उमेदही मावळली नव्हती. खटला, शिक्षा आणि तुरुंग या तिन्हींमधून माणूस तावून निघाला होता. पण १९१० साली नवा प्रेस अ‍ॅक्ट आला. या कायद्याने छापखान्यांकडून आणि वृत्तपत्रांच्या प्रकाशकांकडून जामिनाची रक्कम मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. चालू छापखान्याकडून पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत रक्कम मागता येई. मजकूर आक्षेपार्ह वाटला की रक्कम जप्त. पुन्हा सुरू करायचे तर दहा हजारांपर्यंत नवा जामीन, आणि पुन्हा चूक दिसली तर छापखानाच जप्त. त्या काळातले हजार रुपये म्हणजे किती, हे आपल्या आजोबांच्या पगारावरून ताडून पाहावे.

याहून महत्त्वाची होती ती कायद्याची भाषा. उघड शब्दांबरोबरच सूचना, अप्रत्यक्ष उल्लेख, रूपक आणि गर्भितार्थ यांतूनही गुन्हा होऊ शकतो असे त्यात स्पष्ट लिहिले होते. शिवरामपंतांनी बारा वर्षे ज्या आडोशाला उभे राहून लिहिले, तो आडोसाच कायद्याने नाव घेऊन पाडला. अलंकार हा गुन्ह्याचा प्रकार झाला!

दाद मागायची सोय कागदावर होती. रक्कम जप्त झाल्यावर हायकोर्टात जाता येत असे. पण तिथे सरकारने काही सिद्ध करायचे नव्हते. आपल्या लेखातून कोणताच वाईट अर्थ निघू शकत नाही, हे लेखकाने दाखवायचे. मौलाना महंमद अली यांच्या प्रकरणात १९१३ साली कलकत्त्याचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी हे काम जवळजवळ अशक्य असल्याचे निकालपत्रातच नोंदवले. हेच जेंकिन्स पूर्वी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते.

‘काळ’कडे जामीन मागण्यात आला आणि १९१० साली ‘काळ’ बंद पडला. त्यासाठी ना खटला भरावा लागला, ना ज्युरी बसवावी लागली. टिळकांच्या शिक्षेनंतर मुंबईत गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. जामिनाच्या नोटिशीविरुद्ध संप कोण करणार? १८९७ साली सरकारला निदान कोर्टात उभे राहून आपली बाजू मांडावी लागली होती. तेरा वर्षांत एकेक पायरी उतरत काम कचेरीतल्या शिक्क्यावर आले. प्रत्येक पायरीला कारण देता येण्यासारखे होते. प्लेग खरा होता, रँडचा खून खरा होता, बाँबही खरा होता. कारणे गेली, अधिकार मात्र राहिले.

‘काळा’तील निवडक निबंधांचे दहा भाग निघाले होते, तेही सरकारने जप्त केले. शिवरामपंतांनी ललित लेखनही केले. ‘गोविंदाची गोष्ट’ आणि ‘विंध्याचल’ या त्यांच्या कादंबऱ्या, मॅकबेथवर बेतलेले ‘मानाजीराव’ हे नाटक. १९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ हे साप्ताहिक काढले. टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांची जमीन सरकार सक्तीने घेऊ लागले, तेव्हा सेनापती बापटांच्या सत्याग्रहात शिवरामपंतही उतरले आणि १९२२ साली त्यांनी सहा महिने तुरुंगवास भोगला. तेव्हा वय साठीकडे झुकले होते. १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर त्यांच्या निबंधांवरची बंदी उठली. ते पाहायला लेखक उरला नव्हता.

प्रेस अ‍ॅक्ट १९२२ साली रद्द झाला आणि १९३१ साली दुसऱ्या नावाने परत आला. कलम १२४अ तर इंग्रज गेल्यानंतरही आपल्या दंडसंहितेत राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला आणि २०२४ साली जुनी दंडसंहिता जाऊन नवी आली. नव्या संहितेत तशाच स्वरूपाचे कलम वेगळ्या शब्दांत आहे. तेव्हा हा विषय इतिहासाच्या पुस्तकात मिटवून ठेवण्याचा नाही.

आपल्यापैकी कोणी आज वकील आहे, कोणी सरकारी अधिकारी, कोणी पत्रकार, कोणी नुसताच वर्तमानपत्र वाचणारा नागरिक. एखादा नवा अधिकार सरकार मागते, तेव्हा त्याचे कारण खरे आहे का एवढेच आपण विचारतो. कारण संपल्यावर तो अधिकार परत कोण घेणार, आणि ज्याच्यावर तो वापरला जाईल त्याने दाद कुठे मागायची, हेही विचारायला हवे. शिवरामपंतांच्या नावापुढची रेघ त्या दोन प्रश्नांपर्यंत नेली, तर शाळेत मिळवलेला तो एक गुण सार्थकी लागेल.