मास्तराचं मन ओळखणारे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले १८२७ साली माळ्याच्या घरी जन्मले. १८४८ ची मुलींची शाळा आपल्या सर्वांना ठाऊक आहेच. पण नुसती शाळा काढून भागत नाही, मास्तराच्या मनातली जातही बघावी लागते, हे त्यांनी ओळखलं. १८६९ साली त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पवाडा लिहिला. १८८२ ला हंटर कमिशनपुढे लेखी मागणी केली: मास्तर ट्रेनिंग झालेला हवा, शक्यतो शेतकरी वर्गातला, नांगराची मूठ धरायला न लाजणारा. सोवळं पाळून लांब बसणाऱ्याला पोरांचं दुःख काय कळणार? पगारही १२ रुपयांच्या खाली नको म्हणाले. (पोटाचा विचार आधी, हे आम्हा गिरणीवाल्यांना लगेच पटतं.)

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. साडेचार महिन्यांनी बाबासाहेब जन्मले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर यांच्यासोबत जोतीरावांना गुरू मानलं.