विषय आधी, पदवी मागाहून

बारावीचे निकाल लागले, की घरोघरी महाविद्यालयांची माहितीपत्रके पसरतात. डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर सुरक्षा... नावे नवनवीन, पण आईवडिलांच्या मनातला प्रश्न जुनाच असतो. या पदवीचे पुढे काय? एके काळी संख्याशास्त्र हाही असाच नवखा विषय होता. आपल्या देशात त्याला पदवीपर्यंत नेणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे चरित्र या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

महालनोबिसांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यातला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले. केंब्रिज पाहायला गेले असता परतीची गाडी चुकली, मुक्काम पडला, किंग्ज कॉलेजच्या वास्तूने मन वेधले आणि प्रवेश तिथेच घेतला गेला. शिक्षण पुरे झाले तेव्हा पहिले महायुद्ध पेटले होते, मायदेशी परतणे लांबले. त्या रिकाम्या दिवसांत एका अध्यापकाने त्यांचे लक्ष 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाकडे वळवले. त्याचे सारे खंड विकत घेऊन बोटीवरच त्यांनी वाचन सुरू केले. संख्याशास्त्राचे त्यांचे शिक्षण हे असे. त्या विषयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

प्रेसिडेन्सीत ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. पण कामे येत गेली ती आकड्यांची. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्यांच्याकडे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांची नोंद सोपवली. दोन मानवसमूहांत साम्य किती, भेद किती, हे कसे मोजायचे? या विचारातून १९३६ मध्ये आकाराला आलेले सूत्र आज 'महालनोबिस अंतर' म्हणून जगभर शिकवले जाते. आज डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमांतही ते भेटते.

ओरिसातील १९२६ च्या पुरानंतर नदीचे पात्र वर चढले आहे, तेव्हा बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत होते. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासून पात्र चढलेच नसल्याचे दाखवले. आकडे नीट वाचले तर सरकारी पैसा आणि माणसांचे जीव दोन्ही वाचतात, हे यातून लोकांना दिसले. पुढे बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज प्रत्येक शेत न मोजता, निवडक नमुन्यांवरून बांधण्याचे तंत्र त्यांनी रुजवले. त्यावर वादही झाले. पीककापणीच्या प्रयोगात शेताचा तुकडा किती मोठा घ्यावा, यावर सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा त्यांच्याशी तीव्र मतभेद होता. लहान तुकड्याने उत्पन्न फुगून दिसते, हा सुखात्मे यांचा आक्षेप होता. अशा वादांनीच विषयाची हाडे बळकट होतात.

कॉलेजातल्या खोलीत चालणाऱ्या प्रयोगशाळेतून डिसेंबर १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट जन्मली. पहिल्या वर्षाचा खर्च अवघा २३८ रुपये! १९३३ मध्ये 'संख्या' हे नियतकालिक निघाले आणि १९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. नोकरीच्या शोधात कलकत्त्याला आलेला एक तरुण पहिल्याच तुकडीत बसला. तोच पुढे सी. आर. राव म्हणून जगभर मान्यता पावला. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात हा विषय उभा करण्याचे काम कोल्हापूरच्या वसंत हुजूरबाजार यांनी केले.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्षपद महालनोबिसांकडे आले. धनंजयराव गाडगीळ तिचे एक सभासद. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, १९५६ मध्ये संस्थेत संगणक आला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतल्या त्यांच्या अवजड उद्योगांवरील भरावर टीका पुष्कळ झाली. पण मोजल्याशिवाय योजना नाही, ही शिस्त राहिली. संस्थेला स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार संसदेच्या १९५९ च्या कायद्याने मिळाला आणि १९६० मध्ये बी. स्टॅट. व एम. स्टॅट. सुरू झाले. संस्था स्थापन होऊन तेव्हा २८ वर्षे लोटली होती! बी. स्टॅट.च्या विद्यार्थ्याला गणिताबरोबर निसर्गविज्ञानांचीही ओळख हवी, असा महालनोबिसांचा आग्रह होता. कारण ज्याला मोजायचे ती वस्तूच ठाऊक नसेल, तर आकडा आंधळा राहतो.

२८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते निवर्तले. २००७ पासून २९ जून हा त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या बाबतीत क्रम असा होता : आधी पूर, पीक, माणसे यांचे खरे प्रश्न, मग प्रयोगशाळा, नियतकालिक, शिकवणारे हात, आणि शेवटी पदवी. आज अनेकदा हा क्रम उलटा होतो. आधी पाटी लागते, मग शिक्षकांचा शोध सुरू होतो. त्यात चार वर्षे जातात ती विद्यार्थ्याची. म्हणून नव्या पदवीला नुसते नवी म्हणून नाकारण्याचे कारण नाही. माहितीपत्रक मिटून इतकेच विचारावे : इथे शिकवणारे स्वतः त्या विषयात काय काम करतात, विद्यार्थ्यांच्या हाती कोणते खरे प्रश्न दिले जातात आणि त्या विषयाचा मूळ पाया पक्का करून घेतला जातो का? उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलाला खुशाल जाऊ द्यावे.