कर्णबधिरांचे शिक्षक : ग्रॅहम बेल

मुलांनो, जामखेडमध्ये बसून तुम्ही मुंबईच्या मामूंशी फोनवर बोलता. टेलिफोनचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी लावला, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. पण बेल स्वतःची ओळख कर्णबधिरांचा शिक्षक अशीच करून देत.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. आजोबा आणि वडील शुद्ध उच्चार शिकवीत. आईला मात्र फार कमी ऐकू येई. लोक तिच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत. अलेक्झांडर तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात बोले आणि तिला ते समजे. नवल म्हणजे ही आई पियानो उत्तम वाजवीत असे.

ओठ, जीभ आणि घसा कसा ठेवला म्हणजे कोणता ध्वनी निघतो, हे दाखवणारी एक चिन्हलिपी वडिलांनी तयार केली होती. उर्दूतील खे आणि गैन यांचे उच्चार घशातून कसे काढावे लागतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. असा फरक ऐकू न येणाऱ्या मुलालाही चित्रासारखा दाखवता येतो, अशी ती कल्पना होती.

बेल यांचे दोन्ही भाऊ क्षयाने वारले. म्हणून १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेतील बोस्टन शहरात कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. आवाज कसा दिसतो, हे मुलांना दाखवावे म्हणून १८७४ मध्ये त्यांनी मृत माणसाच्या खऱ्या कानावर प्रयोग केला. कानाजवळ बोलले की पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली काडी काजळी लावलेल्या काचेवर रेघा ओढी. एवढा पातळ पडदा कानातली हाडे हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हलवणार नाही, असे त्यांच्या मनात आले. टेलिफोनची कल्पना अशी सुचली. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी त्यांचे शब्द शेजारच्या खोलीत तारेतून ऐकू गेले.

मेबेल हबर्ड ही त्यांची विद्यार्थिनी. पाच वर्षांची असताना तापाने तिचे ऐकणे गेले होते. १८७७ मध्ये दोघांचा विवाह झाला. टेलिफोन कंपनीतील आपले जवळजवळ सर्व भाग बेल यांनी तिच्या नावे केले. नवऱ्याच्या यंत्रातून तिला मात्र एक शब्दही ऐकू येत नव्हता.

फ्रान्स सरकारने १८८० मध्ये दिलेले ५०,००० फ्रँकचे बक्षीस बेल यांनी संशोधनाला लावले. पुढे त्यातूनच कर्णबधिरांविषयी माहिती देणारी संस्था उभी राहिली. किती ऐकू येते हे मोजणारे यंत्रही त्यांनी बनवले होते. आवाज मोजण्याच्या डेसिबल या एककात त्यांचेच नाव आहे. अंध आणि बधिर अशा छोट्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील त्यांच्याकडे आले, तेव्हा बेल यांनी त्यांना योग्य शाळेचा पत्ता सांगितला. १८८७ मध्ये हेलनला शिक्षिका मिळाली ती त्यामुळेच.

एवढे असूनही अनेक कर्णबधिर लोक बेल यांच्यावर नाराज होते, आणि ते योग्यच होते असे म्हणावे लागते. मुलांनी ओठ पाहून समजावे व तोंडानेच बोलावे, शाळेत हातांची खूणभाषा नको, असे बेल यांचे मत होते. स्वतःला ती भाषा येत असूनही! दोन बधिरांनी एकमेकांशी लग्न करू नये, असेही त्यांनी लिहिले. ज्यांची भाषाच खुणांची, त्यांना हे किती लागले असेल? तुमच्या शाळेत कोणी उर्दू बोलायला बंदी केली, तर तुम्हांला कसे वाटेल?

आज भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून सरकारी केंद्र आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. तेथे श्रवणयंत्रे मिळतात आणि शिक्षकही तयार होतात. जामखेडच्या पालकांना मात्र मुलाच्या कानाची यंत्राने तपासणी करून प्रमाणपत्र घ्यायचे, तर सहसा अहिल्यानगरचा सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास पडतो. हाकेला मूल वळत नसेल, तर हा प्रवास लवकर केलेला बरा. पहिल्या काही वर्षांतच मूल भाषा शिकत असते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल कॅनडात वारले. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. पाच महिन्यांनी मेबेल यांचेही निधन झाले.