कोळशाच्या टनामागचा वाटा : मजूरमंत्री बाबासाहेब

दसरा जवळ आला की आम्ही गंगाखेड, सोनपेठ भागातल्या वस्त्यांवर ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांचे अर्ज भरून घ्यायला बसतो. दर वर्षी एकाच जागी गाडी अडते. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव असतं, उचल त्याच्या नावावर असते आणि बाईची मजुरी वेगळी अशी कुठेच लिहिलेली नसते, कारण दोघं मिळून एक कोयता. समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. त्या फोटोखाली बसून हे अर्ज भरताना आम्हाला हटकून कोळशाच्या खाणी आठवतात. आपल्या तरुणांना महाड पाठ आहे, नाशिक पाठ आहे, दीक्षाभूमी तर आहेच. पण बाबासाहेब चार वर्षं देशाचे मजूरमंत्री होते, हे जयंतीच्या भाषणात एका ओळीत उरकलं जातं.

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्मलेले बाबासाहेब मुंबईत वाढले ते परळ भागात, गिरणगावात. १९१२ पासून १९३४ पर्यंत, म्हणजे कोलंबियाची आणि लंडनची पदवी, बॅरिस्टरी, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हे सगळं होत असताना त्यांचं बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होतं. भोवती गिरणी कामगार, गोदीतले हमाल, रेल्वेतले मजूर. कामगाराचं जगणं त्यांनी अहवालांतून वाचलं तसं शेजारच्या खोलीतही पाहिलं.

त्या जगण्यात जात होतीच. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तिथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. धोट्याचं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाशी लढताना कामगारांनी आपसातल्या या भिंतीचंही बोला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा ते त्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्याचा कायदा १९२९ ला झाला.

१९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. मनमाड म्हणजे आपल्या परभणी-पूर्णेच्याच रुळावरचं गाव, म्हणून आम्हाला ती परिषद विशेष जवळची वाटते. आपला माणूस गँगमन म्हणून उन्हात रूळ ठोकतो, पण त्याला स्टेशनात पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचंही काम करावं लागतं आणि तिथे शिवाशिव आड येते, हे त्यांनी तिथे उघड मांडलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हेही तिथलंच. आजही काही मंडळी यातला एकच शत्रू लक्षात ठेवतात. कोणता, ते ज्याच्या त्याच्या संघटनेवर अवलंबून. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. महायुद्ध पेटलेलं होतं. रेल्वे, कारखाने, दारूगोळा, सगळं कोळशावर चालायचं आणि कोळसा कमी पडत होता. खाणीतला मजूर शेतीच्या हंगामाला गावी जाई, आणि लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळते म्हणून तिकडेही वळे.

इथे एक गोष्ट घडली, जी आपण सहसा सांगत नाही. स्त्रियांना जमिनीखालच्या कामावर घ्यायला १९३७ पासून बंदी होती. १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. आधी मध्य प्रांतात, मग बंगाल-बिहारमध्ये. खातं बाबासाहेबांचं. महिला संघटनांनी विरोध केला, फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सरकारला धारेवर धरलं गेलं, आणि बचाव करायला बाबासाहेबांनाच उभं राहावं लागलं. युद्धापुरतीच ही सवलत आहे, साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या बोगद्यात बाईला पाठवायचं नाही, आणि पुरुषाला जी मजुरी तीच बाईला, असं त्यांनी सांगितलं. आमच्या मते निर्णय चुकीचा होता. अंधाऱ्या, गुदमरत्या खाणीत गरीब बाईला पुन्हा उतरवणं कोळशाच्या टंचाईने योग्य ठरत नाही. पण तो त्यांचाच निर्णय म्हणून सांगायचा, तर त्या अटीही सांगायला हव्यात. समान कामाला समान मजुरी हे तत्त्व त्यांनी एका अख्ख्या उद्योगात सरकारी अट म्हणून घातलं. खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचा कायदा त्यांच्या काळात सुधारला. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी पुन्हा लागू झाली, तेव्हाही ते त्याच पदावर होते.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले. मंत्र्याने कचेरीत बसून खाणमालकांचं निवेदन घ्यायचा तो जमाना. बाबासाहेब खाणीत उतरले, कोळसा कसा काढतात ते पाहिलं, मजुरांची घरं पाहिली. आणि जानेवारी १९४४ संपता संपता कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर कर, आणि त्या पैशातून मजुरांसाठी घरं, पाणी, दवाखाने, शिक्षण. मालकाच्या दयेवर काही सोडलं नाही. टन निघाला की वाटा जमा. पुढे धनबाद आणि आसनसोलला याच निधीतून मोठी रुग्णालयं उभी राहिली.

बाकीचं झपाट्याने झालं. १९४५ ला कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुटी. १९४६ ला आठवड्याचे तास ५४ वरून ४८. बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले असा संदेश आपल्या ग्रुपवर दर वर्षी फिरतो. मित्रहो, १९३४ च्या कायद्यातच आठवड्याला ५४ तास होते. खरा आकडा सांगितला तरी त्यांचं काम तसूभर कमी होत नाही, आणि समोरच्याला खोडी काढायला जागा उरत नाही. संघटनांना मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, यासाठीचं विधेयक त्यांनी १९४३ मध्येच आणलं होतं. ते संमत झालं १९४७ ला, त्यांनी पद सोडल्यावर.

आपल्या भागाला यातलं त्या वेळी काहीच मिळालं नाही. परभणी निजामाच्या राज्यात होती. इथल्या जिनिंगमधल्या किंवा नांदेडच्या उस्मानशाही मिलमधल्या कामगाराला ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदललं, आणि संविधान आलं ते थेट आपल्यापर्यंत. वेठबिगारीला बंदी घालणारं कलम २३, स्त्री-पुरुषांना समान वेतन सांगणारं कलम ३९, माणुसकीच्या कामाच्या अटी आणि प्रसूती साहाय्याचं कलम ४२. मसुदा समितीचे अध्यक्ष खाणीत उतरून आलेले होते, हे ही कलमं वाचताना आम्ही विसरू शकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीकडे निघालेल्या त्या अफाट गर्दीत गिरण्यांतले, गोदीतले, रेल्वे कारखान्यांतले कामगार होते. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत.

ऊसतोड कामगारांसाठी राज्यात महामंडळ झालं आहे. त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यायचं ठरलं. रचना ओळखीची वाटते ना? पण खाणीतल्या बाईची मजुरी निदान तिच्या नावाने मोजायचं ठरलं होतं. उसाच्या फडातली बाई अजून अर्ध्या कोयत्यातच आहे, आणि ज्या वहीत तिचं नाव नाही त्या वहीवरून तिचा हक्क सिद्ध कसा करायचा, हे विचारलं की टेबलापलीकडचा माणूस दुसरा कागद मागतो. म्हणून आम्ही आता अर्ज भरताना आधी बाईचा भरतो, स्वतंत्र, तिच्या नावाने, आणि मग नवऱ्याचा. वेळ दुप्पट लागतो. दसऱ्याच्या आधी पोरं हाताशी आली तर दोन-तीन वस्त्या जास्त होतील.