सामान्यांचा पेढीवाला : ए. पी. जियानिनी

परमुलखात पोट भरावयास गेलेल्या माणसाजवळ प्रारंभी दोन गोष्टी नसतात : ओळख आणि पत. ओळख करून देण्याचे काम आमच्या मंडळासारख्या संस्था करतात. पत मात्र पेढीनेच द्यावी लागते. अमेरिकेत आलेल्या कष्टकऱ्यांना अशी पत मिळवून देणाऱ्या अमादेओ पिएत्रो जियानिनी यांचे चरित्र म्हणूनच आम्हां दूरदेशी राहणाऱ्यांना जवळचे वाटते.

जियानिनी यांचा जन्म ६ मे १८७० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. आईवडील इटलीहून आलेले. मजुरीच्या क्षुल्लक वादातून एका मजुराने वडिलांची हत्या केली, तेव्हा अमादेओ अगदी लहान होते. आईने पुढे लॉरेन्झो स्कातेना यांच्याशी विवाह केला. सावत्र वडिलांची सॅन फ्रान्सिस्कोत फळफळावळ व भाजीपाल्याची आडत होती. शाळा सोडून अमादेओ तीत शिरले आणि मळ्यामळ्यांतून हिंडून माल खरेदी करू लागले. माणसाची पारख त्यांनी तेथेच केली. एकतिसाव्या वर्षी आपला हिस्सा नोकरवर्गास विकून ते मोकळे झाले.

सासऱ्यांच्या निधनानंतर त्यांच्या मिळकतीबरोबर एका लहान पेढीचे संचालकपदही जियानिनींकडे आले. मच्छीमार, भाजीवाले, कारागीर यांना कर्ज द्यावे, हा त्यांचा आग्रह सहकाऱ्यांना रुचेना. तेव्हा ते बाहेर पडले आणि १७ ऑक्टोबर १९०४ रोजी, पूर्वी मद्यालय असलेल्या जागेत, त्यांनी ‘बँक ऑफ इटली’ उघडली. उशाखाली पैसे दडवणाऱ्या देशबांधवांना ते रस्त्यात गाठून व्याज म्हणजे काय हे समजावून सांगत. प्रतिष्ठित पेढ्यांना हे कमीपणाचे वाटे.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंपाने शहर हादरले. मागोमाग आगीचे लोळ उठले. जियानिनींनी सुमारे ८०,००० डॉलरचे सोने व रोकड आडतीच्या गाड्यांत घालून, वर फळांची खोकी रचून, शहराबाहेरील आपल्या घरी सुखरूप नेली. इतर पेढ्यांच्या तिजोऱ्या तापून लाल झाल्या होत्या. त्या उघडण्यास कित्येक दिवस थांबणे भाग होते. इकडे जियानिनींनी धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकून व्यवहार सुरू केला. जळालेल्या घरांचे दस्तऐवज कोठून आणावयाचे? माणसाचा चेहरा आणि हातावरचे घट्टे पाहून त्यांनी कर्जे दिली. शहर पुन्हा उभे राहिले ते काही अंशी अशा विश्वासावर.

१९०९ मध्ये सॅन होजेत शाखा निघाली आणि पुढे राज्यभर शाखांचे जाळे पसरले. एका खोऱ्यात पीक बुडाले तरी दुसऱ्या खोऱ्यातील ठेवींनी तोल सावरावा, हे त्यामागील गणित. १९२१ मध्ये स्त्रियांसाठी स्त्रियांनीच चालवलेला स्वतंत्र विभाग निघाला. इटलीतील नेपल्सची एक पेढीही त्यांनी घेतली. १९३० मध्ये संस्थेने ‘बँक ऑफ अमेरिका’ हे नाव धारण केले.

उत्कर्षाला विरोध असतोच. लहान पेढ्या गिळंकृत केल्याची टीका त्यांच्यावर झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. मंदीच्या काळात त्यांनीच नेमलेल्या उत्तराधिकाऱ्याने संस्थेची धोरणे पालटली; तेव्हा साठी उलटलेल्या जियानिनींनी गावोगाव फिरून लहान भागधारकांची मते गोळा केली आणि १९३२ मध्ये सूत्रे परत मिळवली. त्याच सुमारास गोल्डन गेट पुलाचे रोखे घेऊन त्या कामास त्यांनी आधार दिला.

१९४५ च्या सुमारास त्यांची पेढी जगातील सर्वांत मोठी खाजगी बँक ठरली. तथापि ३ जून १९४९ रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांची स्वतःची मालमत्ता सुमारे पाच लाख डॉलरच होती. नफ्यातील आपला पंधरा लाखांचा वाटा स्वतः न घेता १९२८ मध्ये त्यांनी तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शेतीविषयक अभ्यासाकडे वळवला होता.

सरकारी चाकरीत बदलीच्या प्रत्येक गावी आम्हांस प्रथम जामीन शोधावा लागला आहे. अशा वेळी, कागदांपलीकडचा माणूस पाहणारा हा पेढीवाला आम्हांस आठवतो. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे नव्याने येणाऱ्याला चार ओळखीची माणसे दिली. जियानिनींनी पैशाच्या व्यवहारात जे केले, तेच हे स्नेहाच्या व्यवहारातील काम होय.