नेलपेंटची बाटली संपायच्या आत दुसरी घ्यायची सवय या माणसानं लावली

इन्स्टाग्रामवर दर दोन-चार महिन्यांनी नखांचा नवा ट्रेंड येतो. कधी ग्लेझ्ड डोनट, कधी क्रोम, कधी कॅट आय. रील बघून ऑर्डर जाते, किट घरी येतं, रविवारी दुपारी जुना पेपर अंथरून नखं रंगवली जातात. खणात आधीच्या चार बाटल्या अर्ध्या भरलेल्या पडून असतात, तरी पाचवी येतेच.

बाटली संपायच्या आत दुसरी घ्यायची ही सवय आपोआप लागलेली नाही. त्यामागं एका माणसाचं डोकं होतं. त्याचं नाव चार्ल्स रेव्हसन, रेव्हलॉन कंपनीचा कर्ताधर्ता.

हा गडी नवी शेड बाजारात आणायच्या आधी स्वतःच्या नखांवर लावून बघायचा. रंगाच्या बाबतीत त्याचा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. याच स्वभावानं त्याला जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एका कंपनीचा मालक केलं. आणि ज्यांना सोबत घेऊन धंदा उभा केला ते सख्खे भाऊ लांब गेले, तेही याच स्वभावानं.

चार्ल्सचा जन्म १९०६ सालचा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावात तो वाढला. घर ज्यू आणि परिस्थिती बेताची. वडील सिगारच्या कारखान्यात कामाला होते. तीन भाऊ, थोरला जोसेफ, मधला चार्ल्स आणि धाकटा मार्टिन.

शाळा संपवून चार्ल्स न्यूयॉर्कला आला आणि बायकांचे ड्रेस विकणाऱ्या पिकविक नावाच्या कंपनीत चिकटला. पुढं त्याच्याकडं कापड खरेदीचं काम आलं. ठोकभावात कापड घ्यायचं म्हणजे रंग ओळखता यायला हवा. आपल्याकडं लग्नाचा बस्ता बांधताना एखादी आत्या दोन सारख्याच दिसणाऱ्या साड्यांमधला फरक लांबून सांगते, तशी चार्ल्सची नजर तयार झाली. काळ्या रंगातल्याही वेगवेगळ्या छटा तो ओळखायचा.

मधे शिकागोला जाऊन त्यानं वेगळं काही करून बघितलं, पण जमलं नाही. परत न्यूयॉर्कला आला तेव्हा जागतिक मंदी सुरू होती. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. अशात १९३१ साली त्याला काम मिळालं ते एल्का नावाच्या छोट्या कंपनीचं नेलपॉलिश विकायचं.

त्या काळातलं नेलपॉलिश कसं होतं, हे इथं समजून घ्यायला हवं.

नेलपॉलिशचा पाया असतो नायट्रोसेल्युलोज. १९२० च्या दशकात मोटारींना चकचकीत आणि पटकन वाळणारा रंग द्यायला हेच वापरायला लागले होते. ते द्रावकात विरघळवायचं, नखावर लावायचं, द्रावक हवेत उडून गेलं की मागं पातळ कडक थर राहतो. म्हणूनच घाईघाईत एकावर एक जाड कोट दिले, तर वरचा थर वाळतो पण आतलं द्रावक अडकून बसतं, मग बुडबुडे येतात आणि चादरीचे ठसे उमटतात. घरच्या मॅनिक्युअरचं गणित तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. पातळ कोट द्यायचे आणि मधे थांबायचं.

फरक होता रंगात. तेव्हाच्या बहुतेक पॉलिशमध्ये विरघळणारा रंग असायचा. त्यामुळं थर पारदर्शक दिसायचा, खालचं नख दिसत राहायचं. शेड पण मोजक्याच, गुलाबी आणि दोन-तीन लाल. एल्काचं पॉलिश मात्र दाट होतं. त्यात रंगाची बारीक पूड असायची. ही पूड विरघळत नाही, थरात तरंगत राहते आणि नख पूर्ण झाकते. शिवाय अशा पुडीतून हव्या तितक्या छटा बनवता येतात.

चार्ल्सच्या कापड पारखणाऱ्या डोळ्यांना यातली गंमत लगेच कळली. बाकीचे विक्रेते नखाला चमक विकत होते. त्याला दिसला तो रंग, ड्रेससारखा निवडता येणारा आणि ड्रेससारखा बदलता येणारा.

त्यानं एल्काकडं देशभरातल्या विक्रीचे हक्क मागितले. कंपनीनं नाही म्हटलं.

मग त्यानं स्वतःचीच कंपनी काढायचं ठरवलं. १ मार्च १९३२ ला चार्ल्स, थोरला भाऊ जोसेफ आणि रसायनांच्या धंद्यातला चार्ल्स लॅकमन असे तिघं एकत्र आले. भांडवल होतं ३०० डॉलर. आडनाव रेव्हसन, त्यातला 'स' काढून लॅकमनचा 'ल' घातला आणि नाव झालं रेव्हलॉन. पहिल्या वर्षाची विक्री जेमतेम चार हजार डॉलरच्या आसपास होती. पुढं धाकटा मार्टिनही धंद्यात आला.

चार्ल्सनं माल आधी दुकानात नेलाच नाही. तो गेला ब्यूटी पार्लरमध्ये. त्या काळात बायकांमध्ये केस कुरळे करून घेण्याची टूम निघाली होती आणि त्याला काही तास लागायचे. बाई खुर्चीत अडकून बसलेली असायची, हात रिकामे असायचे. त्या वेळात पार्लरवाली नखं रंगवून द्यायची. चार्ल्स पार्लर ते पार्लर फिरायचा, स्वतःची रंगवलेली नखं दाखवायचा आणि पॉलिश कसं बसतं ते समजावून सांगायचा. १९३० च्या दशकात एक पुरुष दहा बोटांना लाल रंग लावून फिरतोय, म्हणजे लोक काय बोलत असतील याची कल्पना करा. पण त्याला त्याचं काही नव्हतं. रंग बाटलीत वेगळा दिसतो आणि नखावर वेगळा, हे त्याला माहिती होतं.

पार्लरमध्ये आवडलेली शेड मग बायकांना घरीही हवीशी वाटू लागली. १९३७ च्या सुमारास रेव्हलॉन मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये आणि औषधांच्या दुकानांत आलं. स्वस्तात स्वस्त विकायच्या भानगडीत चार्ल्स पडला नाही. पहिली मोठी जाहिरात त्यानं १९३५ सालीच न्यूयॉर्करसारख्या उच्चभ्रू मासिकात दिली होती. तिचा खर्च ३३५ डॉलर ५६ सेंट, आणि तेच कंपनीचं वर्षभराचं जाहिरातीचं बजेट होतं.

पण खरा डाव पुढं होता.

नेलपॉलिशची एक बाटली बरेच महिने पुरते. म्हणजे गिऱ्हाईक एकदा आलं की परत लवकर येणार नाही. चार्ल्सनं यावर उपाय काढला तो कपड्यांच्या धंद्यातून. कपड्यांची फॅशन हंगामाप्रमाणं बदलते, मग नखांची का नको? त्यानं वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत नवी शेड आणायला सुरुवात केली. नुसतं गडद लाल, फिकट लाल असं न म्हणता प्रत्येक शेडला झोकात नाव दिलं. फेटल ॲपल, व्हेअर्स द फायर, चेरीज इन द स्नो. जुनी बाटली अर्धी भरलेली असली तरी तिच्यातला रंग आता मागच्या हंगामातला झाला होता.

१९४० च्या सुमारास त्यानं लिपस्टिकही आणली आणि नखाला व ओठाला एकच रंग हवा, हे बायकांच्या मनावर बिंबवलं. आता नवी शेड आली की एकाऐवजी दोन वस्तू खपायच्या.

या सगळ्याचा कळस झाला १९५२ साली. शेडचं नाव होतं फायर अँड आइस. फोटो काढला रिचर्ड ॲव्हेडननं, मॉडेल होती डोरियन ली, मजकूर होता के डेलीचा. दोन पानी जाहिरातीत एका बाजूला चंदेरी ड्रेस आणि लाल शालीतली डोरियन, दुसऱ्या बाजूला बायकांसाठी थोडे खट्याळ प्रश्न. नेलपॉलिश किती टिकतं, किती चमकतं हा मुद्दाच नव्हता. तुम्ही कोण आहात, हा मुद्दा होता. आज इन्स्टावर नखांवरून स्वभाव सांगणारी रील दिसतात, त्यांची ही आजीच म्हणायची.

योगायोग म्हणजे त्याच १९५२ साली इकडं मुंबईत टाटांच्या टाटा ऑइल मिल्सनं लॅक्मे सुरू केली.

१९५५ साली रेव्हलॉननं आणखी मोठा जुगार खेळला. 'द सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' हा टीव्हीवरचा क्विझ शो त्यांनी प्रायोजित केला. प्रत्येक बरोबर उत्तराला बक्षीस वाढत जायचं. केबीसीच्या वेळी आपल्याकडं घरोघरी जे झालं तेच तेव्हा अमेरिकेत झालं. कंपनीची विक्री १९५४ साली सुमारे ३ कोटी ३६ लाख डॉलर होती, ती १९५६ साली साडेआठ कोटींच्या वर गेली. १९५५ च्या शेवटी कंपनी शेअर बाजारात आली.

बाहेर हे सगळं छान चाललं होतं. कंपनीच्या आत मात्र चित्र वेगळं होतं.

चार्ल्सला प्रत्येक गोष्ट आपल्या नजरेखालून जायला हवी असायची. बाटलीचं झाकण, जाहिरातीतला शब्द, लाल रंगातली एक छटा. मीटिंगा रात्री उशिरापर्यंत चालायच्या, मोठ्या पगारावर आणलेली माणसं अपमान सहन न होऊन सोडून जायची. कर्मचाऱ्यांच्या फोनवर कंपनी कान ठेवते, हेही सरकारी चौकशीत बाहेर आलं.

पहिला बाहेर पडला थोरला जोसेफ. शेअर बाजारात उतरण्याच्या आधीच तो आपला हिस्सा विकून मोकळा झाला. थोडा थांबला असता तर त्याला कितीतरी पट पैसे मिळाले असते. १९५८ साली मार्टिननंही कंपनी सोडली आणि सख्ख्या भावावर कोर्टात केस केली. त्यानंतर बरीच वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याच काळात क्विझ शोचं बिंग फुटलं. स्पर्धकांना मदत केली जाते, कोण टिकणार आणि कोण जाणार हे पडद्यामागं ठरवलं जातं, असे आरोप झाले आणि प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपुढं गेलं. १९५९ साली दोन्ही भावांना साक्ष द्यावी लागली. लबाडीची आपल्याला कल्पना नव्हती, असं त्यांनी सांगितलं. निर्मात्यांची साक्ष मात्र प्रायोजकाच्या दबावाकडं बोट दाखवणारी होती. रेव्हलॉनच्या विक्रीवर याचा फार परिणाम झाला नाही.

चार्ल्सची तीन लग्नं झाली आणि तिन्ही मोडली. तिसरा घटस्फोट झाला १९७४ साली. त्याच्याकडं अल्टिमा टू नावाचं प्रचंड मोठं यॉट होतं, दानधर्मासाठी काढलेलं फाउंडेशन होतं, आणि १९७३ साली स्वतःच्या नावावरून बाजारात आणलेलं चार्ली हे परफ्यूम धो धो खपत होतं.

तोवर त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. आयुष्यभर कुणावर भरवसा न ठेवलेल्या माणसाला आता वारस शोधायचा होता. भाऊ कधीच लांब गेलेले. शेवटी १९७४ साली त्यानं मिशेल बर्जराक या बाहेरच्या अधिकाऱ्याला आणलं, तेही नुसतं येण्यासाठी १५ लाख डॉलरचा बोनस देऊन. तेव्हा कंपनीची वर्षाची विक्री सुमारे ६० कोटी डॉलर होती. घरातल्यांच्या हाती कधी न सोडलेली कंपनी परक्याच्या हाती देऊन २४ ऑगस्ट १९७५ ला चार्ल्स रेव्हसन गेला.

दहा वर्षांनी, १९८५ साली रॉन पेरेलमन या उद्योगपतीनं रेव्हलॉन ताब्यात घेतली आणि कंपनीवर कर्जाचा बोजा चढला. १९९० च्या दशकात उदारीकरणानंतर ती भारतात आली आणि आपल्याकडच्या कॉस्मेटिक्सच्या काउंटरवरही दिसायला लागली. पण पुढं इंटरनेटवर छोटे छोटे ब्रँड आले. रीलवर दिसलेली शेड आठवड्याभरात पाठवणारे. वर्षाला दोन शेड आणून जग जिंकलेल्या कंपनीला हा वेग झेपला नाही. जून २०२२ मध्ये रेव्हलॉननं दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. तेव्हा रिलायन्स ही कंपनी घेणार अशा बातम्याही आल्या होत्या, पण तसं काही झालं नाही. २०२३ साली कंपनी मालकी बदलून त्यातून बाहेर पडली.

म्हणजे चार्ल्सच्या कंपनीला हरवलं ते चार्ल्सच्याच युक्तीनं, फक्त ती आता जास्त वेगानं चालते. तेव्हा पुढच्या वेळी पाचवी बाटली कार्टमध्ये टाकण्याआधी खणातली जुनी बाटली हातात घेऊन बघा. तिच्यातला रंग खराब झालेला नसेल, तर जुना झालाय फक्त त्याचा ट्रेंड. आणि तो ट्रेंड तुमचा नाही, विकणाऱ्याचा आहे.