दुष्काळाची लेक : पंडिता रमाबाई

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यानंतर बरेच दिवस कुणी मोठ्याने बोललेसुद्धा नाही. अडचणीच्या वेळी ज्यांनी पाठ फिरवली, त्या नातेवाइकांची नावे मी मनात घोकून ठेवली होती. देवावरही राग होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एके दिवशी ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले आणि वाचता वाचता माझ्या रागाची मलाच लाज वाटू लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. आईने तीच विद्या लेकीला दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे आणि पुराणे सांगून पोट भरी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटे. होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला माणसे पुरेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला.

त्यानंतर भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी जातीचे बंधन मोडून त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. आठ वर्षांत घरातली पाच माणसे! ज्या देवांच्या दारी सारे आयुष्य झिजवले, त्यांच्यावरचा विश्वास केव्हाच उडाला होता. शास्त्रे वाचली, तर त्यांत स्त्रीसाठी दार बंद दिसले. मन कडू व्हायला आणखी काय हवे?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. जोगिणी त्या स्त्रियांची मायेने सेवा करीत होत्या. हे बळ कोठून येते, असे विचारल्यावर त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यात आली. जिच्या हातचे पाणी यहुदी लोक घेत नसत, तिच्याजवळ येशू विहिरीकाठी पाणी मागतो. पाणवठ्यावरचा विटाळ म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. रमाबाईंचे मन तेथे पालटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या श्रद्धेची किंमत त्यांना मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठला. सुधारक दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. कोणाचे किती बरोबर, हा वाद अजून चालतो. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, रमाबाईंनी रागावून आपले दार लावून घेतले नाही.

त्यांची खरी परीक्षा पुढेच होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या दुष्काळाने घर नेले, त्याच्याच तोंडी त्या आपण होऊन गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका सोडवून आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांचे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. तेथे मुली शेती, विणकाम, छापखाना अशी हातांची कामे शिकल्या. मला वाटते, यामागे ती जुनी आठवण असावी. कष्टाची सवय नव्हती म्हणून आपली माणसे उपाशी मेली, हे त्या कशा विसरतील?

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. उतारवयातल्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून चालविलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तरीही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला.

मी ख्रिस्ती नाही. आजही अंबाबाईपुढेच हात जोडते. मनात घोकलेली ती नावेही अजून पुरती पुसली गेलेली नाहीत. पण गेल्या महिन्यात त्यांतल्याच एका घरी आजारपण आले. आईने भाकरीचा डबा बांधून दिला आणि मी तो मुकाट्याने पोचवून आले. रमाबाईंच्या आयुष्यापुढे ही गोष्ट फारच लहान आहे. पण माझी सुरुवात तेवढ्यापासूनच झाली.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २